मरियामातेच्या ओटीचा मान

आमच्या चर्चमध्ये मरियामातेला साडी नेसवतात आणि तिची ओटी भरतात, हे बाहेरच्या ख्रिस्ती माणसाला सांगितलं की तो आधी हसतो आणि मग फोटो मागतो. हसू दे. तिकडच्या मरियेला झगा शोभतो, आमच्या नेरकडच्या मरियेला साडी लागते. त्यात कुणाच्या बापाचं काय गेलं?

आठ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस. त्याच्या आधी नऊ दिवस रोज संध्याकाळी एकेका घरी माळेची प्रार्थना होते. सणाच्या सकाळी, मिस्साच्या म्हणजे मोठ्या उपासनेच्या आधी, बायका मूर्तीची जुनी साडी उतरवतात, नवी नेसवतात, आणि तिच्या ओटीत गहू, खोबऱ्याची वाटी, खारका आणि खण घालतात. हळदीकुंकवाच्या जागी शेवंतीचं फूल. माझ्या सासूची सासू लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर ख्रिस्ती झाली. तिच्या माहेरी महालक्ष्म्या बसत. देव बदलला तरी तिचे हात तेच होते, आणि हातांना जे येत होतं तेच त्यांनी इथंही केलं. तेव्हाच्या फादरांनी डोळेझाक केली असावी. पुढं ती रीतच झाली.

मी इथली धर्मशिक्षिका. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं पोरं हाकली, आता निवृत्त झाले, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. रविवारी मुलांना बायबल शिकवते. सणाच्या दिवशी ताट कोण धरणार, निऱ्या कोण घालणार, पदर कुणाच्या हातून खांद्यावर जाणार, हे सगळं मीच ठरवायची. मला कुणी नेमलं नव्हतं. आवाज मोठा असला की लोक आपणहून नेमतात.

आणि एक नियम होता. ओटी सवाशिणींनी भरायची. जिचा नवरा वारला तिनं दारापाशी उभं राहायचं.

हा नियम कुठल्या पुस्तकात नाही. सासूच्या सासूनंही तो आणला नव्हता, कारण तिच्या काळात तशी वेळच आली नाही म्हणतात. तो नियम मी केला.

अकरा वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझा धाकटा दीर गेला. शेतातून आला, छातीत दुखून राह्यलं म्हणाला, आणि यवतमाळच्या दवाखान्यात नेता नेता वाटेतच संपला. मागे जाऊ आणि सातवीतली पोरगी. जाऊ शिवणकाम करते. मूर्तीच्या साडीचं कामही लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्याचकडे, कारण ते येरागबाळ्याचं काम नाही. तीन फुटांच्या मूर्तीला अख्खी साडी नेसवली तर मरियामाता दिसणार नाही, नुसतं गाठोडं दिसेल. म्हणून साडी कापायची, निऱ्या आधीच शिवून घ्यायच्या, पदराला आतून अस्तर लावायचं. त्या वर्षीही तिनं ते सगळं केलं. दीर जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. सणाच्या सकाळी ती तयार साडी हातावर घेऊन चर्चमध्ये आली आणि नेहमीसारखी मूर्तीकडे निघाली.

 बायकांनी आधी एकमेकींकडे बघितलं, मग सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी पुढं झाले, तिच्या हातातून साडी घेतली आणि म्हटलं, "तू यंदा राहू दे वो. दारापाशी थांब."

ती थांबली. 

मी "यंदा" म्हटलं होतं. पण पुढच्या वर्षी तिनं साडी माझ्या हातात दिली आणि स्वतःच दाराकडे वळली. मी तिला हाक मारली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एकीचा नवरा गेला. तीही न सांगता जाऊच्या शेजारी जाऊन उभी राहिली. असं करत करत दारापाशी पाचजणी झाल्या. साडी मात्र दर वर्षी जाऊच शिवायची. तिच्या हातची शिवण चालायची, तिच्या हातचं नेसवणं चालत नव्हतं. मी पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवणारी बाई, पण या उलट्या तर्काकडं मी अकरा वर्षं बघितलं नाही.

यंदा जुलैत मी नवी साडी घेऊन तिच्याकडे गेले. मोरपिशी रंगाची, बारीक जरीकाठाची. तिनं ती हातात धरली, काठावरून बोट फिरवलं आणि मला परत दिली.

"जाऊबाई, यंदा दुसऱ्या कोनाकडून शिवून घ्या."

"काहून? तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीले काय झालं? पोरगी नागपूरले नर्स झाली, खोली घेतली तिनं. मले बलावून राह्यली. सन झाला का मी चालली तिच्याकडं."

"अन् परत कधी येशील?"

"पाहू," म्हणाली, आणि मशीनचं पायडल हलवायला लागली.

मी घरी येऊन नवऱ्याजवळ चांगलीच फणफणले. "सणाच्या तोंडावर नखरे पाहा तिचे! अकरा वर्षं शिवली, आताच काय झालं?" नवरा ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "अकरा वर्सं शिवली, तेच तं झालं." मला ते कळलं. पण कळलं नाही असं दाखवून मी आत गेले.

त्याच महिन्यात आमच्या नव्या फादरांनी मला एका वर्गाला पाठवायचं ठरवलं. मरियेविषयी चर्चमध्ये आज काय विचार चालला आहे, त्यावर यवतमाळला सहा शनिवार. आसपासच्या धर्मशिक्षकांसाठी. मी म्हटलं, "फादर, या वयात मला मरियामाता कोण शिकवणार?" फादर माझ्या मुलाच्या वयाचे. ते म्हणाले, "बाई, मलाही अजून पुरती कळलेली नाही. तुम्ही शिकून आलात की मला सांगा." म्हटलं, जाते. गेले.

नेरहून सकाळची एसटी. यवतमाळच्या स्टँडवरून ऑटो. शाळेच्या एका खोलीत आम्ही वीस-बावीसजण, आणि शिकवायला वसईकडची एक सिस्टर, माझ्या निम्म्या वयाची, पायात पांढरे बूट. सगळ्या बायकांना मावशी म्हणायची. माझ्या शेजारच्या बाकावर ढाणकीकडचे एक म्हातारे धर्मशिक्षक बसायचे. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. वहीत काही लिहायचे नाहीत, सगळं कानानंच.

पहिल्या शनिवारी सिस्टरनं साठेक वर्षांपूर्वीच्या धर्मपरिषदेची गोष्ट सांगितली. जगभरचे बिशप रोमला जमले होते आणि त्यांच्यात मरियेवरून वाद झाला. काहींचं म्हणणं, तिच्यावर स्वतंत्र दस्तऐवज लिहा, तिचा मान मोठा. बाकीचे म्हणाले, नको, चर्चविषयी जो दस्तऐवज आहे त्यातच तिचा अध्याय घाला, कारण ती चर्चच्या वर कुठं तरी तरंगत नाही, चर्चमध्येच आपल्यासारखी उभी आहे. मतं घेतली तर थोड्या मतांनी दुसरी बाजू जिंकली.

मला ते मुळीच आवडलं नाही. आमच्या आईला वेगळी खोली द्यायची सोडून सगळ्यांच्यात दाटीवाटीनं बसवली, असं वाटलं. मी तसं बोललेही. सिस्टर हसली. "मावशी, तुमची आई घरी वेगळ्या खोलीत बसायची का चुलीपाशी?" वर्ग हसला. मी पण हसले, पण नाइलाजानं.

पुढच्या शनिवारी ती म्हणाली, मरिया ही श्रद्धेच्या वाटेवरची प्रवासी. तिला सगळं आधीपासून ठाऊक नव्हतं. बारा वर्षांचा मुलगा हरवला, तीन दिवसांनी मंदिरात सापडला, आणि तो जे बोलला ते तिला समजलं नाही, असं शुभवर्तमानात स्वच्छ लिहिलं आहे. मी ते वाक्य शंभर वेळा वाचलेलं. पण चित्रांत तिचा चेहरा असा शांत काढतात की तिला काही समजलं नसेल हे डोक्यातच येत नाही. सिस्टर म्हणाली, न समजता चालत राहिली, ही तिची थोरवी. हे मात्र मला पटलं. वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

तिसऱ्या शनिवारी मात्र माझं आणि तिचं जुंपलं. गेल्या हिवाळ्यात रोमहून एक टिपण आलं होतं म्हणे. मरियेला 'सहतारक' म्हणू नये, तारणारा ख्रिस्त एकच, तिला श्रद्धावंतांची आई म्हणा, असं त्यात सांगितलंय. मी उभीच राहिले. "आधी खोली काढून घेतली, आता पदवीपण काढून घेता! उद्या साडी काढून घ्याल!" सिस्टरला साडीचं काही माहीत नव्हतं. मग मला सगळी रीत सांगावी लागली. साडी, ओटी, गहू, शेवंती. सवाशिणींचं सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते त्या वेळी मला कळलं नाही. सिस्टरनं मन लावून ऐकलं. म्हणाली, "किती सुंदर! साडी कोण काढून घेतंय, मावशी? फक्त आपण जिची ओटी भरतो ती कोण आहे, तेवढं नीट बघू."

चौथ्या शनिवारी आम्ही ते बघितलं.

विषय होता क्रुसाजवळची मरिया. सिस्टरनं योहानाच्या शुभवर्तमानातला उतारा वाचला आणि विचारलं, तिथं कोण कोण होतं? कंडक्टर काकांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. सवय जाते का माणसाची? "येशूची आई. तिची बहीण. दुसरी मरिया, क्लोपाची. तिसरी मग्दालिया. अन् तो शिष्य. पाच." मग त्यांनी बोट तसंच हवेत धरलं. "अन् योसेफ? बापाचं काही तिकीट फाडलेलं दिसत नाही!"

आम्ही पोट धरधरून हसलो. सिस्टरही हसली आणि मग म्हणाली, "काका, बरोबर पकडलंत. योसेफ कुठं आहे?"

तिनं सांगितलं ते असं. योसेफ कधी वारला हे बायबलमध्ये लिहिलेलं नाही. पण येशूनं उपदेश सुरू केला तेव्हापासून तो कुठंच दिसत नाही. काना गावच्या लग्नात मरिया आहे, योसेफ नाही. आणि क्रुसावरून मुलगा आईला शिष्याच्या हवाली करतो. तिचा नवरा जिवंत असता तर तिला दुसऱ्याच्या घरी कशाला पाठवली असती? म्हणून पूर्वीपासून चर्च समजत आलं आहे की तेव्हा योसेफ हयात नव्हता.

"म्हणजे क्रुसाखाली जी उभी होती," सिस्टर म्हणाली, "ती विधवा होती. आणि कानाच्या लग्नघरात ज्या बाईनं सगळ्यांच्या आधी ओळखलं की द्राक्षारस संपलाय, ज्या बाईचं नोकरांनी ऐकलं, तीही बहुधा विधवाच. भर लग्नात, मांडवात, सगळ्यांच्या पुढं."

 इतकी वर्षं चर्चमध्ये मी पोरांना हाच धडा शिकवला. 'येशूची आई क्रुसाजवळ उभी होती', म्हणा रे पोट्ट्यांनो. पोट्टे म्हणायचे. पण तिथं कोण नव्हतं, हे मी कधी मोजलंच नाही. ते मोजायला एक कंडक्टर लागला. आणि अकरा वर्षं आम्ही एका विधवेची ओटी भरत होतो, आणि विधवा आल्या की त्यांना दार दाखवत होतो! अरे देवा, कुणाला सांगावं हे?  दुपारी डबा उघडला नाही. सिस्टरनं विचारलं, मावशी, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, "नाही वाटत."

घरी आले तेव्हा नवरा चहा ठेवत होता. मी चप्पल न काढताच त्याला सगळं सांगून टाकलं. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मी तवाच गेलो अस्तो, भावाच्या जागी, तं तुले बी दारातच उभं ठेवलं अस्तं का या बायांनी?"

"ठेवलं असतं," मी म्हटलं.

"अन् तू राह्यली अस्ती उभी?"

मी काय राहते उभी? चर्च डोक्यावर घेतलं असतं. त्यालाही ते माहीत होतं. त्यानं कपात चहा गाळला आणि माझ्यापुढं सरकवला.

सोमवारी फादरांकडे गेले. म्हटलं, तुम्ही मला शिकून या म्हणाला होतात, घ्या. सगळं सांगितलं, नियमासकट. फादर अस्वस्थ झाले. म्हणाले, "मला वाटलं ही इथली पिढ्यान्पिढ्यांची रीत असेल, म्हणून मी बोललो नाही. बाई, मी या रविवारी जाहीर करतो, ओटीच बंद."

"अजिबात नाही!" मी म्हटलं. "ओटी बंद केली तर बायका म्हणतील, या पाचजणींपायी बंद झाली. आधी दारात उभं केलं, आता वरून खापर त्यांच्याच डोक्यावर. आणि फादर, ही चूक तुमची नाही, माझी आहे. मीच निस्तरते."

बोलायला काय जातं? चर्चच्या दारातून जाऊच्या घरापर्यंत शंभर पावलं. ती शंभर पावलं चालायला मला तीन दिवस लागले.

ती शाळेचे गणवेश शिवत होती. खोलीत एका बाजूला खोकी बांधून ठेवलेली. मी साडीची पिशवी घेऊन गेले होते. बसले, आणि नव्या मास्तरणीच्या उत्साहानं तिला सगळं ऐकवलं. कानाचं लग्न, क्रूस, योसेफ, परंपरा काय म्हणते, आजचे विचारवंत काय म्हणतात. मला वाटलं ती चकित होईल. निदान मशीन तरी थांबवेल.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"ते आपल्यातलीच हाये म्हनून. त्या वर्सी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना चालू होती, एकेका चित्रापाशी थांबत, हे जाऊन वर्सबी नव्हतं झालं. चौथ्या ठिकानी आई भेटते ना लेकाले, रस्त्यात? तिथं एकटीच आलती ते. मी मनात म्हटलं, नवरा अस्ता तं तिले असं एकटीले येऊ देल्लं अस्तं का गर्दीत? तवाच कळलं."

 एवढी चार शनिवारची विद्या, आणि हिला ती फुकट, उभ्या उभ्या मिळालेली.

"मंग तुमी सवाशिणी तिले नेसवायले लागल्या का मी दारातून तिले म्हनो, घे माय, आज तुले बी सवाशीण बनवून राह्यल्या ह्या. घे हौस करून." ती हसली. मीही हसले आणि हसता हसता मला रडूच आलं.

"तू बोलली काहून नाहीस मग?"

"तुमी काहून केलं, ते सांगा पयले." आता तिनं मशीन थांबवलं. "मी अकरा वर्सं इचार करून राह्यली. माह्याशी तुमचं भांडन नव्हतं. माही पोरगी तुमी आपल्या पोरीसारखी वाढवली, तिची फी भरली, तिच्या दुखन्यात जागल्या. मंग तेवढं एकच काहून?"

मी खोटं बोलू शकले असते. रीत होती, बायका काय म्हणतील, असं काही तरी. पण तिच्यापुढं ते तोंडातून निघेना.

"मले भेव वाटलं," मी म्हटलं. "एका घरातले दोघं भाऊ. तुह्याले असं बघता बघता नेलं. आमच्या याच्या छातीतबी दुखत होतं त्या दिवसांत, मी कोणाले सांगितलं नाही. मले वाटलं, तुह्या हातानं ओटी भरली अन् माह्या घरावर काही आलं तं? बायबल शिकवते मी, अन् मनात हे. मले भेव वाटलं वो. बस, एवढंच होतं."

 ती हातातल्या गणवेशाच्या कॉलरकडं बघत राहिली.

"हे तवाच सांगितलं अस्तं," ती म्हणाली, "तं मी तुमच्यासाठी आपल्या मनानं दारात उभी राह्यली अस्ती."

मी उठले. निघताना पिशवीकडं बघून तिनंच म्हटलं, "ठेवून जा. शिवीन का नाही, ते नाही सांगत. अन् सनाले येईन का नाही, तेबी नाही सांगत."

मग नऊ दिवसांची माळ सुरू झाली. तिसऱ्या संध्याकाळी प्रार्थना माझ्या घरी होती. माळ संपली, चहा वाटला, आणि मी उभी राहिले.  जाऊ आली नव्हती. बाकीच्या चौघीजणी नेहमीसारख्या मागे भिंतीला टेकून होत्या.

मी बायकांना कंडक्टर काकांसारखंच मोजायला लावलं. क्रुसाखाली कोण कोण? बोटांवर मोजून झालं. आणि योसेफ?  मग एक म्हातारी पुटपुटली, "अवो माय! मंग तेबी..." आणि पुढचा शब्द तिनं तोंडातच ठेवला, कारण ती स्वतः मागच्या चौघींतली होती.

"हो," मी म्हटलं. "आणि दारापाशी थांबायचा नियम मरियामातेचा नाही, चर्चचा नाही, आपल्या आजेसासूंचाही नाही. तो माझा आहे. मी भिऊन केला. चुकलं माझं."

एक बाई म्हणाली, "बाई, पण बरं दिसंन का ते?" दुसरी तिच्यावर खेकसली, "मंग मरियामाताच कशी बरी दिसते तुले?" तिसरी म्हणाली, "बापा बापा, म्हंजे आपून इतकी वर्सं सवाशीण म्हनून कोनाची ओटी भरली?" आणि ती अशी काही हसली की माझा नवरा आतून बघायला आला. सगळ्यांना पटलं असं नाही. दोघीजणी चहा अर्धा ठेवून गेल्या. पण मागे भिंतीला टेकलेल्या चौघींपैकी एकीनं हळूच विचारलं, "बाई, गहू घरून आनायचे का?" आणि मला वाटलं, आता एवढं पुरे आहे.

जाऊला सगळं कळलं असणार. वस्तीच एवढीशी. पण ती आली नाही, निरोप आला नाही. माझा जीव टांगणीला लागला. ही बाई मनात तो दगड घेऊन नागपूरला गेली तर मी कुठल्या तोंडानं पोरांना शिकवू? चर्चमध्ये रोज मूर्तीपुढं उभी राहायची. जुनी साडी तिच्या अंगावर, गेल्या सप्टेंबरची, निऱ्या अजून जागच्या हललेल्या नाहीत. मी म्हणायची, तुला सगळं समजत नव्हतं तरी तू चाललीस ना, मलाही चालव. पदव्या-बिदव्यांचा माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला होता. स्वर्गाच्या राणीपेक्षा मला तेव्हा एक अशी बाई हवी होती, जिला मी हे सांगू शकेन.

सणाच्या सकाळी आभाळ मोकळं होतं. बायका जमल्या. चौघीजणी आल्या, पदराखाली गव्हाची ताटं झाकून, आणि सवयीनं दारापाशीच थबकल्या. एकीनं त्यांना हाताला धरून आत नेलं, तीच, जी 'बरं दिसंन का' म्हणाली होती. मी कोपऱ्यात जाऊसाठी एक पितळी ताट तयार करून ठेवलं होतं, पण साडी नव्हती. साडी नसेल तर काय करायचं, याचा मी विचारच केला नव्हता.

तेवढ्यात जाऊ आली. मुलगी बरोबर, नागपूरहून पहाटेच्या गाडीनं आलेली. जाऊच्या दोन्ही हातांवर ती मोरपिशी साडी, निऱ्या शिवलेल्या, पदराला अस्तर. ती दारात थांबली नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. सरळ मूर्तीपाशी गेली, चपळाईनं जुनी साडी उतरवली आणि नवी लावायला घेतली. अकरा वर्षांनी पहिल्यांदा. आम्हा सवाशिणींना अर्धा तास आणि पन्नास टाचण्या लागायच्या. तिला कुठं काय बसतं ते बोटांनाच माहीत.

मी मागं सरकत सरकत दारापाशी आले होते. मुद्दाम नाही. पुढं जायचा मला धीरच झाला नाही. आणि खोटं कशाला सांगू, ती जुनी भीतीही पुन्हा आली. नवरा पहिल्या बाकावर बसला होता, त्याच्या पाठीकडं मी बघत होते, श्वास नीट चाललाय ना म्हणून. तिथून मूर्ती दिसत नव्हती. बायकांच्या पाठी दिसत होत्या, त्यांच्या वेण्या, पदर, आणि वर छताचे पत्रे. बस, एवढंच.

जाऊनं ओठांत धरलेल्या टाचण्या काढल्या आणि बायकांच्या पाठींमधून मान वळवून मला शोधलं.

"जाऊबाई, तिथं काहून उभ्या?" ती म्हणाली. "तिथून काहीच दिसत नाही, मले माहीत हाये. या इकडं, पदर धरा."

मी आत गेले आणि पदर धरला.